जुन्या भिंतीतून निघालेल्या पोळ्यांचा मध घरी कसा काढायचा?

धाब्याचं_घर (अमळनेर)

राम राम मंडळी. घाईचा प्रश्न आहे, जाणकारांनी लवकर सांगा.

गावाकडचं आमचं जुनं धाब्याचं घर पाडायला घेतलंय. मागच्या खोलीत एक देवळी कधीतरी अर्धवट बुजवलेली होती. गवंड्याने तिथे पहार घातली आणि आतून माश्याच माश्या. माणसं पळाली, काम थांबलं. मोठ्या दिरांच्या ओळखीचा एक जण मधपेट्या ठेवतो. संध्याकाळी तो आला, राणीसकट माश्या पेटीत घेतल्या आणि पिल्लांची पोळी चौकटींना दोऱ्याने बांधून घेऊन गेला. मधाची पोळी मात्र "घरचा मध आहे, तुम्हीच ठेवा" म्हणून आम्हाला दिली. बारीक काळपट माशी होती, तो सातेरी म्हणाला.

आता घरात दोन पराती भरून पोळी आहेत. वर धुतलेलं धोतर झाकलंय. बाहेर पारा ४३ वर आहे आणि परातीत मध आपोआप साचतोय. मुंग्यांनी रांग लावली आहे. सासूबाई म्हणतात, फडक्यात घालून पिळ. ह्यांचं म्हणणं, मिक्सरला एक फेरा मारून गाळ. पुतण्याने मोबाइलवर मध काढायचं यंत्र शोधून ठेवलंय. मी सगळ्यांना "उद्यापर्यंत कोणी हात लावू नका" सांगून इथे आले आहे.

पोळी एकसारखी नाहीत. काहींवर पांढरट पातळ झाकण आहे. काहींची भोकं उघडी आहेत, आतला मध पाण्यासारखा हलतो. काहींत पिवळी-केशरी भुकटी दाबून भरलेली आहे. एका तुकड्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या अळ्याही दिसल्या. मध रंगाने बराच गडद आहे, गुळाच्या काकवीकडे झुकणारा. हे सगळं एकत्र करायचं का? गरम करावं का? किती टिकेल?

आणि हो, पुढच्या आठवड्यात नणंदेच्या मुलाचं बारसं आहे. सासूबाईंच्या मनात आहे की बाळाला हाच मध चाटवायचा.

चाळीसगाव_पॅसेंजर

वहिनी, एवढं काय त्यात! पोळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा, चावायचा, मेण थुंकायचं. आम्ही शाळेतून येताना बांधावरची फुलोरी माशीची पोळी काढून अशीच खायचो. उरलेलं सासूबाई सांगतात तसं पिळा, कळण्याच्या भाकरीवर घ्या आणि बठ्ठं खाई टाका. टिकवायला ठेवताच कशाला?

रावेरची_जिजी

सूनबाई, मिक्सरचं भांडं आधी कपाटात ठेवून दे. मिक्सरमध्ये मेणाचा इतका बारीक चुरा होतो की तो कुठल्याच चाळणीत अडकत नाही. हवा भरून फेस होतो तो वेगळाच. आणि त्यात एखादी अळी पात्याखाली गेली तर तिचं पाणीही मधात जातं.

पुतण्याचं यंत्रही राहू दे. मी रावेर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. केळीच्या बांधावर आमच्या सातेरीच्या पेट्या आहेत. हिवाळ्यात कांदा बियाण्याचे प्लॉटवाले पेट्या मागायला येतात, कारण कांद्याच्या फुलांच्या गोंड्यावर माशी फिरली नाही तर बी पोचट राहतं. पेटीतल्या चौकटींचा मध मी यंत्रातच काढते. वरची झाकणं सुरीने उडवायची, चौकटी जाळीत उभ्या लावायच्या आणि हँडल फिरवायचं. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं, ते माश्यांना परत देता येतं. पण तुझ्या पोळ्यांना लाकडाची चौकटच नाही. यंत्रात घालून फिरवलंस तर पोळं फुटेल आणि त्याचा लगदा जाळीला चिकटून बसेल.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. पहिली, माश्या उठवायला धूर कशाचा केला होता? शेणाच्या गोवऱ्यांचा किंवा गोणपाटाचा असेल तर काही नाही. रॉकेलचा बोळा किंवा टायर जाळला असेल तर मधाला तो वास लागतो आणि नंतर काही केल्या जात नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो माणूस येण्याआधी गवंड्याने किंवा मजुरांनी भिंतीत झुरळांचा, ढेकणांचा स्प्रे मारला होता का? लोक घाबरले की पहिला हात त्या डब्याकडे जातो. मारला असेल तर तो मध कोणी खायचा नाही. मेणही वापरायचं नाही. सगळं खड्ड्यात पुरून टाक. माश्यांनाही खायला ठेवू नकोस.

तसं काही झालं नसेल तर पुढचं वाच.

आधी निवडायला बस. एकत्र करायचं नाही, याच्यावरच सगळं आहे. पांढरट झाकणाची पोळी एका पातेल्यात, तो पिकलेला मध. फुलातला रस माशी आणते तेव्हा तो पाणीदार असतो. ती त्याला पंखांनी वारा घालून आटवते आणि पाणी पुरेसं कमी झालं की वर मेणाचं झाकण लावते. झाकण लागलेला मध टिकतो. उघड्या भोकांतला अजून कच्चा असतो, तो वेगळ्या भांड्यात घे. एक तपासणी सोपी आहे. उघडं पोळं आडवं धरून हलका झटका दे. पाण्यासारखे थेंब उडाले तर कच्चा, नाही उडाले तर झाकण नसलं तरी तो पिकल्यातच जमा.

केशरी-पिवळी भुकटी म्हणजे पराग, माश्यांनी पिल्लांसाठी साठवलेला. विषारी नाही, पण आंबट-कडू लागतो आणि मधात मिसळला की मध गढूळ होतो. तो भाग सुरीने कापून बाजूला ठेव. अळ्यांचा तुकडा तर बोटभर जास्तीची जागा सोडून काप. पिल्लांवरचं झाकण कसं ओळखायचं? मधाचं झाकण पांढरट आणि किंचित बसकं असतं. पिल्लांचं तपकिरी असतं, हाताला कोरडं लागतं. सातेरीत नर पिल्लांचं झाकण फुगीर असतं आणि त्याच्या मध्यभागी टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक भोक असतं. तसं दिसलं तर तो तुकडा मधाच्या पातेल्याजवळही आणू नकोस.

भांडी स्टीलची किंवा काचेची. पितळ, तांबं, लोखंडी घमेलं नको, मध आंबट गुणाचा असतो आणि धातूला खातो. तुझ्या पराती पितळेच्या असतील तर आजच्या आज बदल. सगळं कोरडं हवं, सुरीसुद्धा. हात धुतलेस तर पूर्ण वाळू दे. मधात पाण्याचा चमचाही गेला तर त्याचं टिकणं संपलं.

आता मुख्य काम. मोठं खोल पातेलं घे, त्यावर पीठ चाळायची नाही, तांदळाची जाड चाळणी बसव. पिकल्या मधाची पोळी सुरीने उभी-आडवी कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे कर. वरचं झाकण फुटायला हवं, एवढंच. चाळणीत तुकडे पसर, वर कोरडं सुती फडकं टाक आणि दार-खिडक्या लावून खोलीतून बाहेर ये. पातेल्याखाली पाणी भरलेली परात ठेव म्हणजे मुंग्या थांबतात.

बस. पिळायचं नाही. श्रीखंडाचा चक्का टांगून ठेवतो ना, तसं आपलं आपण निथळू द्यायचं. पिळलं की पराग, जुन्या पोळ्याची सालं, मेणाची भुकटी, सगळं फडक्यातून खाली येतं. निथळलेल्या मधाची चव आणि पिळलेल्याची चव शेजारी ठेवून चाखलीस की सासूबाईंना समजवावं लागणार नाही. निथळून झाल्यावर जो लगदा उरतो तो फडक्यात घालून खुशाल पिळ. तो मध दुसऱ्या बरणीत भर आणि घरात आधी तोच संपव. सासूबाईंचाही मान राहील.

गरम करू नकोस. गरज काय? आपल्या उन्हाळ्याला सगळे शिव्या देतात, पण मधाच्या कामाला याच्यासारखा मजूर मिळायचा नाही. दुपारी बंद खोलीत ३८-४० डिग्री असतंच, तेवढ्यात मध पातळ होऊन धार लागते. आमचे हे महाबळेश्वरला मध संचालनालयाचं प्रशिक्षण घेऊन आले होते, तिथे गारवा, धुकं, ओलसर हवा. तिथला माणूस मध निथळायची वाट बघत बसेल. शिवाय मध हवेतलं पाणी ओढतो. आपला वैशाख कोरडा ठणठणीत, म्हणून हे काम मृग लागायच्या आत उरकायचं. पावसाळी हवेत उघडं पातेलं ठेवलं तर वरचा थर पाणीदार होतो.

फक्त चाळणी उन्हात नेऊ नकोस. वासावर आजूबाजूच्या सगळ्या माश्या, गांधीलमाश्या येतील आणि मग तुझ्याच अंगणात तुलाच जाता येणार नाही. फ्रिजमध्येही ठेवू नकोस, घट्ट झाला की निथळतच नाही. आणि "वेळ मिळाला की बघू" म्हणून पोळी आठ-पंधरा दिवस तशीच झाकून ठेवशील तर मेणकिडा लागेल. त्याच्या अळ्या पोळ्यात जाळी करतात, वरून राखाडी किडा पडतो, सगळं नासतं.

निथळलेला मध बारीक मलमलच्या फडक्यातून एकदा गाळ. फडकं वासाच्या साबणाने धुतलेलं नको. मग उंच डब्यात भरून झाकण लावून दोन-तीन दिवस हलवू नकोस. मेणाचा चुरा आणि फेस आपोआप वर येतो. तो चमच्याने काढून टाक आणि खालचा मध काचेच्या कोरड्या बरण्यांत भर.

चाळीसगावकर भाऊ, तुमची पद्धत खाण्याची आहे, ठेवण्याची नाही. त्या वयात आम्हीही तेच केलंय.

धुळ्याची_सिस्टर

मी प्रसूती वॉर्डात काम करते, त्यामुळे बाकी सगळं सोडून फक्त बारशाबद्दल लिहिते. बाळाला मध चाटवू नका. हा नाही, दुकानातला नाही, कुठलाच नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना वाढू न देणारे दुसरे जंतू असतात, म्हणून आपल्याला काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती व्यवस्था अजून तयार झालेली नसते. बीजाणू तिथे रुजतात, विष तयार करतात. मग बाळाला शी होत नाही, ते दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, मान टाकतं. पुढे श्वासावर जातं. गाळून, गरम करून बीजाणू मरत नाहीत. मध शुद्ध असण्याशी याचा संबंध नाही, अस्सल घरच्या मधातही ते असू शकतात.

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच. वरचं पाणीही नाही.

चाळीसगाव_पॅसेंजर

सिस्टर, आम्हाला सगळ्यांना सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली होती. आम्ही जिवंत आहोत की.

धुळ्याची_सिस्टर

दादा, आजार दुर्मीळ आहे, हे मान्य. म्हणूनच जिवंत असलेले जास्त आहेत आणि ते सगळे हेच वाक्य बोलतात. ज्याच्या घरात होतं त्याच्या घरी व्हेंटिलेटरची धावपळ असते. चमचाभर मधासाठी ही जोखीम कोणी घ्यायची?

अमळनेरच्या ताई, सासूबाईंना नाही म्हणताना जड जात असेल तर असं करा. अंगठी मधात बुडवा, बाळाच्या आईच्या तोंडाला लावा. तिला चालतं, तिच्या दुधातून काही जात नाही. आजीचा विधीही होईल. आमच्याकडे ही युक्ती बऱ्याच आज्यांनी मान्य केली आहे.

शहादा_धडगाव_रोड

जिजी, तुमचं वाचून विचारतो. आमच्या वडिलांनी दरवर्षी सातपुड्यातल्या बाजारातून आग्या मोहोळाचा मध घ्यायचा, हे ठरलेलं. पाण्याच्या बाटल्यांमधून विकायला येतो. घरी आणल्यावर काही दिवसांत बाटली फुगते, झाकण उघडलं की फस्स करून फेस वर येतो. वडील म्हणतात, अस्सल आहे म्हणून जोर करतोय. मला ते पटत नाही. आणि शुद्ध मध ओळखायचा कसा? कागदावर थेंब, पाण्यात धार, काडी बुडवून पेटवायची, कुत्र्यापुढे ठेवायचा, एवढ्या परीक्षा ऐकल्या आहेत.

रावेरची_जिजी

भाऊ, बाटलीतला मध आंबलाय. अस्सल असेलही, पण कच्चा काढलेला. आग्याचं पोळं एकच असतं, मोठं, उघड्यावर टांगलेलं. मध वरच्या एका बाजूच्या जाड भागात आणि खाली सगळी पिल्लं. नीट काढणारा फक्त तो मधाचा गड्डा कापतो, बाकी पोळं तसंच राहू देतो. माश्या तिथेच राहतात आणि पुन्हा मध भरतात. घाईचा माणूस रात्री मशाल लावून सगळं पोळं खाली पाडतो आणि अळ्यांसकट पिळतो. त्यातच पावसाच्या तोंडावर काढलेला असेल तर आग्याचा मध मुळातच पातळ असतो. पातळ मधात खमीर वाढतं, वायू होतो, बाटली फुगते. वडिलांना सांग, बाटली काचेची असती तर फुटली असती.

असा मध घेतलाच असेल तर फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. बाटलीचं झाकण सैल ठेवा. सूनबाई, तुझ्या उघड्या भोकांतल्या कच्च्या मधालाही हेच लागू. त्याची वेगळी बरणी कर, फ्रिजमध्ये ठेव, लिंबाच्या सरबतात महिन्याभरात संपेल.

परीक्षांचं म्हणशील तर एकही खरी नाही. कागदावर थेंब पसरणं, पाण्यात धार सरळ तळाला जाणं, हे सगळं घट्टपणावर आहे. साखरेचा घट्ट पाक या सगळ्या परीक्षांत पास होतो आणि आग्याचा खरा पण पातळ मध नापास होतो. काडीही तशीच. कुत्र्याचं तर विचारूच नको, आमचा कुत्रा पोळ्याचे तुकडे घेऊन पळतो. मध ओळखीच्या माणसाकडून घ्यायचा आणि शक्य असेल तर काढताना बघायचा, मला एवढीच परीक्षा माहीत आहे.

आणखी एक गैरसमज. थंडीत मध बरणीत साखरेसारखा गोठला की लोक बरणी परत घेऊन येतात, "जिजी, साखर घातली का?" म्हणून. मधात द्राक्षशर्करा असते, ती थंडीत दाणे धरते. सूर्यफुलाचा, मोहरीचा मध तर फार लवकर गोठतो. बरणी उन्हात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

सूनबाई, तुझा मध गडद आहे त्याचं काही वाटून घेऊ नकोस. रंग फुलावर असतो आणि जुन्या पोळ्यातला मधही गडद दिसतो. नेमका कशाचा हे चाखल्याशिवाय मी सांगणार नाही. लोक आपल्याकडच्या प्रत्येक मधाला केळीच्या फुलांचा मध म्हणून विकतात. केळफुलावर माशी येते, रस भरपूर नेते, हे खरं, पण आजूबाजूला निंब, बाभूळ, बोर, तूर काय कमी आहे?

जळगाव_फूडटेक

जिजींचं बहुतेक सगळं बरोबर आहे, मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो म्हणून काही आकडे जोडतो.

मधात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, अशी आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे. प्रयोगशाळेत ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर एका थेंबात कळतं. घरी अंदाज हवा असेल तर वजनकाटा वापरा. ज्या बरणीत बरोबर १ किलो पाणी मावतं तिच्यात चांगला पिकलेला मध १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. वजन त्याहून बरंच कमी आलं तर मध पातळ आहे. फेस बसल्यावरच मोजा, हवा असेल तर आकडा फसवा येतो. याच हिशोबामुळे बाजारात "एक लिटर" आणि "एक किलो" यात लोक गंडतात. किलोभर मधाला साधारण ७१५ मिलीची बाटली पुरते.

जिजी, एका गोष्टीत दुरुस्ती सुचवतो. गोठलेल्या मधाची काचेची बरणी थेट उन्हात ठेवू नये. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती आतून फार तापते. मध जास्त तापला की त्यातली एन्झाइम्स निकामी होतात आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो. तोच मोजून प्रयोगशाळा मध तापवला होता का, जुना आहे का, ते ओळखते. बरणी कोमट पाण्यात ठेवावी. पाणी ४०-४५ डिग्री, म्हणजे हात सहज बुडवून ठेवता येईल इतकंच.

रावेरची_जिजी

सर, मध गोठतो पौष-माघात. तेव्हा रावेरात सकाळी शेकोटी असते, बरणी कसली तापते! पण कोणी मे महिन्यात उन्हात ठेवली तर तुमचं बरोबर आहे. कोमट पाणी कायम चांगलं, तेच करा सगळ्यांनी.

धाब्याचं_घर (अमळनेर)

मंडळी, काम झालं. तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट सासूबाईंना वाचून दाखवले.

आधी गवंड्याला विचारलं. स्प्रे कोणी मारला नव्हता, धूर गोवरीचा होता. मग जिजींनी सांगितलं तसं निवडायला बसलो. सासूबाईंची नजर माझ्यापेक्षा तयार निघाली. बारीक भोकाची फुगीर झाकणं त्यांनी लगेच ओळखली, मला भिंग लागलं असतं. परागाचा भाग बराच निघाला. ह्यांनी तो चाखून तोंड वाकडं केलं.

दुपारी माजघराची दारं लावून चाळणी ठेवली. रात्री बघितलं तर पातेलं अर्ध्यावर आलं होतं आणि मध इतका नितळ की तळाची कंपनीची मोहोर वाचता येत होती. सकाळपर्यंत लगदा जवळपास कोरडा झाला. पिळलेला मध वेगळा काढला. दोन्ही वाट्या सासूबाईंपुढे ठेवल्या. त्यांनी चाखल्या आणि "पिळलेला मला दे, मला त्याची सवय आहे" म्हणाल्या. हरल्या की जिंकल्या कळलं नाही.

निथळलेला साडेतीन किलोच्या आसपास, पिळलेला किलोभर आणि कच्चा एक छोटी बरणी. सरांच्या पद्धतीने वजन केलं, १ किलो ३९० ग्रॅम भरलं. चालेल ना? बारशाला सिस्टरांची अंगठीची युक्ती करणार आहोत. नणंद आनंदाने तयार झाली, बाळाचा मध तिला मिळतोय म्हणून.

आता लगदा उरलाय, मोठं पातेलंभर. पुतण्या म्हणतो अंगणात ठेवू, माश्या येऊन चाटतील, पुण्य लागेल. ठेवू का? मेण कसं काढायचं तेही सांगा.

जळगाव_फूडटेक

१ किलो ३९० उत्तम आहे. या उन्हात मध तापलेला असतो, त्यामुळे दहा-वीस ग्रॅम कमी दिसणारच.

चाळीसगाव_पॅसेंजर

मध कितला निंघना ते वाचून पोटात कालवलं. एक बरणी चाळीसगाव स्टेशनवर पाठवा, मी फलाटावर उभा राहतो.

रावेरची_जिजी

वा, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पुतण्याचं पुण्य राहू दे. उघड्यावर मध ठेवला की वेगवेगळ्या मोहोळांच्या माश्या त्यावर तुटून पडतात. आपसात मारामारी होते, एकीचा रोग दुसरीला लागतो, आणि त्या चवताळलेल्या माश्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही चावतात. लगदा थोड्या गार पाण्यात कालवून गाळून घे. ते गोड पाणी त्याच दिवशी सरबत म्हणून प्या. दुसऱ्या दिवशी ठेवलं तर आंबतं.

मग मेण. एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं कायमचं बाजूला काढ. एकदा मेण लागलं की ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला येत नाही, सासूबाईंच्या आवडत्या पातेल्याला हात लावू नकोस. लगदा सुती फडक्यात गच्च बांध, पातेल्यात निम्मं पाणी घाल, गाठोडं त्यात बुडव आणि वर स्वच्छ दगड ठेव म्हणजे ते वर येणार नाही. मंद आचेवर ठेव. मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं, म्हणजे पाण्याला उकळी फुटायची गरजच नाही. पाण्याशिवाय नुसतं मेण गॅसवर कधी ठेवू नकोस, ते पेट घेतं. मेण फडक्यातून पाझरून पाण्यावर तरंगायला लागलं की गाठोडं काठीने दाबून पिळ, गॅस बंद कर, पातेलं झाकून रात्रभर हलवू नकोस. जितकं हळू निवतं तितकी वडी सरळ बसते. सकाळी वर पिवळी वडी तयार. तिच्या खालच्या बाजूला काळा गाळ चिकटतो, तो सुरीने खरवडून काढायचा. पुन्हा एकदा तसंच वितळवलं तर आणखी स्वच्छ होते.

पातेलंभर लगद्यातून मूठभर मेण निघालं तर नाराज होऊ नकोस. पिल्लांचं जुनं काळं पोळं तर काहीच देत नाही, त्यातल्या पिल्लांच्या कातीच मेण पिऊन टाकतात. ते तुकडे वेगळे ठेवले असशील तर केळीच्या किंवा लिंबाच्या आळ्यात पुर, त्याच्या मागे लागू नकोस.

वडी नुसती ठेवून देऊ नको. शिवणाचा दोरा तिच्यावरून ओढला की गुंतत नाही. दाराची कडी, लाकडी खुंटी, ड्रॉवर अडकत असेल तर तिथे घास. आणि टाचांच्या भेगांना मलम कर. एक भाग मेण, चार भाग तिळाचं तेल. वाटी गरम पाण्यात ठेवून दोन्ही एकत्र विरघळव आणि डबीत ओत. उन्हाळ्यात हे मलम आपल्याकडे पातळ होतं, तेव्हा मेण थोडं वाढव, तीन भाग तेलाला एक भाग.